नाताळची रात्रपाळी



एखाद्या संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण झाली की तिचा इतिहास लिहिला जातो, आणि तो बहुधा अध्यक्षांच्या नावांनी, देणगीदारांच्या याद्यांनी आणि इमारतींच्या कोनशिलांनी भरलेला असतो. त्यात गैर काही नाही. परंतु रुग्णालयाचा इतिहास याच रीतीने लिहू गेल्यास त्यातला मोठा भाग हातून निसटतो. रुग्णालय चालते ते पाळ्यांवर. रात्री आठ-नऊपासून सकाळी आठपर्यंत जी माणसे जागी असतात, त्यांची नावे कोनशिलेवर नसतात. ती ड्यूटी लिस्टवर असतात, आणि महिना संपला की ती लिस्ट फळ्यावरून काढून टाकली जाते. आजच्या व्याख्यानाचा विषय ही माणसे आहेत. आणि त्यांना नीट पाहता यावे म्हणून वर्षातला एकच आठवडा निवडला आहे, तो म्हणजे डिसेंबरचा अखेरचा.

हा आठवडा सांगली, मिरज, कोल्हापूर या पट्ट्यात कसा असतो हे इथल्या श्रोत्यांना सांगायला नको. गळीत हंगाम ऐन भरात आलेला असतो. बीडकडून आलेल्या तोडणी मजुरांच्या कोप्या शेताच्या कडेने उभ्या असतात. पहाटेच्या थंडीत बोटे आखडतात आणि कोयता उसाऐवजी नडगीवर बसतो. मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर रात्री मोटारसायकल जाऊन आदळते. गुऱ्हाळाच्या चरकात कोणाचा हात सापडतो. नवव्या महिन्यातही मोळी उचलणाऱ्या बाईला फडातच कळा सुरू होतात आणि तिला उसाच्याच गाडीतून रुग्णालयात आणावे लागते. त्यात थंडीमुळे लहान मुलांना न्यूमोनिया आणि म्हाताऱ्या माणसांना दमा. सणाची सुट्टी शहराला असते. अपघात विभागाचे दार त्या दिवसांत मिटत नाही.

आणि नेमक्या याच आठवड्यात मिशन रुग्णालयातील पुष्कळशा परिचारिकांचा वर्षातला सर्वांत मोठा सण येतो.

मिरजेला नाताळ परका नाही. मुळात 'नाताळ' हा शब्दच मराठीने पोर्तुगीजांकडून घेऊन इतका आपलासा केला की तो बाहेरून आला याचा विसर पडला. डॉ. विल्यम वानलेस हे कॅनडात जन्मलेले तरुण डॉक्टर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ साली हिंदुस्थानात आले, प्रथम सांगलीत त्यांनी दवाखाना चालवला, आणि १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभे राहिले. १८९७ साली त्याला जोडून वैद्यकीय शाळा निघाली. परिचारिकांचे शिक्षणही त्याच आवारात होऊ लागले. पुढे सांगली आणि मिरज यांच्या मधल्या माळावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. त्या जागेला वानलेसवाडी हे नाव पडले ते आजतागायत टिकून आहे. मिरज हे रेल्वेचे जंक्शन असल्याने कर्नाटकातून, कोकणाच्या घाटमाथ्यावरून, पंढरपूरच्या बाजूने रोगी गाडीतून उतरत आणि टांगेवाल्याला फक्त 'मिशन' एवढेच सांगत. डॉ. वानलेस यांना १९२८ साली 'सर' ही पदवी मिळाली, त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि १९३३ साली अमेरिकेत वारले. त्यांच्यानंतर डॉ. व्हेल यांनी धुरा सांभाळली. १९६२ साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आणि हे गाव वैद्यकीय पंढरी म्हणून दूरवर ओळखले जाऊ लागले.

एवढा इतिहास पुष्कळांना तोंडपाठ आहे. त्यात शल्यविशारदांची नावे आहेत, पदव्या आहेत, साल आहे. मात्र ज्या मुलीने १९०० च्या सुमारास पहिल्यांदा परक्या पुरुषाच्या जखमेवरची पट्टी सोडवली, तिचे नाव या पाठांतरात नाही. त्या काळी रोग्याचे मलमूत्र काढणे, रक्ताने माखलेले कपडे हाताळणे, रात्री घराबाहेर राहणे ही कामे कुलीन म्हणवणाऱ्या घरांतील स्त्रियांना वर्ज्य होती, मग ती घरे कोणत्याही जातिधर्माची असोत. शस्त्रक्रियेसाठी डॉक्टरच्या पायावर डोके ठेवणारी माणसेदेखील त्याच डॉक्टरच्या हाताशी उभ्या असलेल्या परिचारिकेच्या हातचे पाणी घेताना कचरत. तेव्हा या कामाला पुढे आल्या त्या मिशनच्या वसतिगृहांत वाढलेल्या मुली, अकाली विधवा झालेल्या, घराने टाकलेल्या स्त्रिया आणि नवख्रिस्ती कुटुंबांतील लेकी. हिंदुस्थानातील प्रशिक्षित परिचारिकांची संघटना १९०८ साली स्थापन झाली, परंतु या व्यवसायाला कायद्याने एकसूत्री दर्जा देणारी परिचर्या परिषद यायला १९४७ साल उजाडावे लागले. मधल्या जवळजवळ चाळीस वर्षांत या स्त्रियांनी समाजाचे टोमणे ऐकत काम केले, हे विसरून चालणार नाही. आज 'सिस्टर' ही हाक सहज तोंडी येते. ती हाक आदराची होण्यासाठी दोन-तीन पिढ्यांच्या रात्री खर्ची पडल्या आहेत.

आता डिसेंबरच्या ड्यूटी लिस्टकडे वळू. ही लिस्ट तयार करणे हे मेट्रनच्या कामांपैकी सर्वांत अवघड. केरळकडच्या सिस्टरांनी रेल्वेचे आरक्षण कित्येक आठवडे आधी करून ठेवलेले असते. अहमदनगर, जालना, कोल्हापूरकडच्या मराठी ख्रिस्ती सिस्टरांना निदान चोवीस तारखेची रात्र आणि पंचवीसची सकाळ घरी हवी असते, कारण घरी फराळ करायचा असतो. मराठी ख्रिस्ती घरातला नाताळ केकपुरता नसतो. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, रव्याचे लाडू हे सगळे दिवाळीसारखेच होते, दारात आकाशकंदिलाच्या जागी चांदणी लागते इतकेच. सगळ्यांना सुट्टी दिली तर वॉर्ड ओस पडतील, कोणालाच दिली नाही तर मने दुखावतील. अशा वेळी मेट्रनच्या टेबलापाशी एक अलिखित व्यवहार होतो. दिवाळीत ज्यांनी सुट्टी घेतली त्या हिंदू सिस्टरा नाताळची रात्र उचलतात. ईदच्या दिवशी ज्यांची पाळी दुसरीने केली ती मुसलमान सिस्टर आपण होऊन येते. "त्या वेळी तुम्ही माझी केलीत, आता तुमची मी करते" असे म्हणून विषय संपतो. या देवघेवीची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये नसते, परंतु ती इतकी पक्की असते की चार वर्षांपूर्वीची उसनी पाळीदेखील कोणी विसरत नाही. सर्वधर्मसमभावावर भाषणे पुष्कळ होतात. त्यासाठी बारा तास उभे राहण्याचा प्रसंग भाषण करणारांवर क्वचितच येतो.

या व्यवहारात ज्यांच्या वाट्याला कोणतीच सवड येत नाही असा एक वर्गही आहे, आणि त्याच्याकडे मेट्रनचेही कधी कधी दुर्लक्ष होते. नवशिक्या विद्यार्थिनी, अविवाहित सिस्टरा, आणि ज्यांना महाराष्ट्रभर 'मामा' आणि 'मावशी' म्हणतात ते वॉर्डबॉय आणि आया. "तुला काय, तुझं घर इथंच आहे" असे सांगून त्यांना कोणत्याही सणाला रात्री लावले जाते. स्ट्रेचर ओढणारा मामा आणि लादी पुसणारी मावशी नसतील तर शस्त्रक्रियागृहातला दिवा लागूनही उपयोग नसतो, हे डॉक्टर मंडळी मान्य करतात. मात्र समारंभात हार घालताना तो क्रम आठवत नाही.

चोवीस तारखेच्या रात्री मिशन रुग्णालयांतून गाणारी मंडळी वॉर्डावॉर्डांतून फिरतात. त्यात विद्यार्थिनी असतात, कारकून असतात, प्रयोगशाळेतले कर्मचारी असतात. काही गीते इंग्रजी वळणाची, तर काही पेटी-तबल्यावर म्हणायची अस्सल मराठी भजने. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेला मराठी भक्तिसंगीताची वाट करून दिली, तिचा हा वारसा. टिळक १९१९ साली वारले, तरी त्यांच्या रचना चर्चमधून अजून म्हटल्या जातात. खाटेवर पडलेल्या वारकरी म्हाताऱ्याला शब्द अनोळखी वाटतात, चाल मात्र ओळखीची वाटते आणि तो उशीवरच ताल धरतो.

या फेरीतली एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगण्यासारखी आहे. पूर्वी धनुर्वाताचे रोगी आजच्याहून पुष्कळ अधिक असत आणि त्यांना अंधाऱ्या, वेगळ्या खोलीत ठेवावे लागे. धनुर्वातात लहानसा आवाज, अंगावर पडलेला उजेड, एवढेच काय, चादरीचा स्पर्शही झटका आणू शकतो. त्या खोलीकडे जाणाऱ्या वऱ्हांड्याशी येताच गाणे थांबवायचे, कंदील खाली करायचा आणि चपला हातात घेऊन पुढे जायचे, ही शिस्त नव्या विद्यार्थिनीला पाठ्यपुस्तकाच्या आधी शिकावी लागे. आत एकटी सिस्टर बसलेली असे. तिला बाहेर येता येत नसे आणि गाणाऱ्यांना आत जाता येत नसे. दाराच्या फटीतून कोणीतरी फराळाची पुडी तिच्या हातात ठेवी. तिचा नाताळ तेवढाच.

क्षयरोग्यांच्या आरोग्यधामातील नाताळ आणखी निराळा. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ सालचा, आणि ते औषध सामान्य रोग्याला मिळू लागेपर्यंत आणखी काही वर्षे गेली. तोवर स्वच्छ हवा, पौष्टिक अन्न आणि पूर्ण विश्रांती हाच उपचार असल्याने रोगी महिनोन्महिने तेथे राहत. घरचे लोक संसर्गाच्या भीतीने येणे टाळत. अशा माणसाला वर्षातले सगळे सण आरोग्यधामातच करावे लागत आणि थर्मामीटर लावायला येणारी सिस्टर हीच काय ती त्याची नातलग. तिने दिलेल्या दोन करंज्यांचे मोल काय असेल याची कल्पना आजच्या तीन दिवसांत डिस्चार्ज मिळणाऱ्या रोग्याला येणे कठीण आहे. ती सिस्टर स्वतःही रोज त्याच हवेत श्वास घेत होती, हेही लक्षात घ्यावे. रोग्यांची सेवा करता करता क्षय जडलेल्या परिचारिकांची उदाहरणे जगभरच्या आरोग्यधामांत आहेत.

फराळावरून एक गमतीची बाब. नाताळचा केक वॉर्डात वाटताना सिस्टरांची जी धांदल उडते ती पाहण्यासारखी असते. मधुमेही रोग्याला चालत नाही. सकाळी शस्त्रक्रिया असलेल्याला तोंडात पाण्याचा थेंबही द्यायचा नसतो, आणि नेमका तोच हात पुढे करतो. श्रावक रोगी केकमध्ये अंडे आहे काय असे विचारतो आणि रात्री दिलेले तर बिनअंड्याचेही घेत नाही. मुरलेली सिस्टर त्याला विचारावे लागू देत नाही. त्याचे जेवण सूर्यास्तापूर्वी आले की नाही हे तिने आधीच पाहिलेले असते, आणि त्याच्या वाट्याचे संत्रे ती सकाळच्या पाळीच्या सिस्टरकडे सोपवून जाते. हॅंडओव्हर देताना सलाईन, लघवीचे प्रमाण, ताप यांच्या जोडीने "सात नंबरच्या काकांचं संत्रं कपाटात आहे" हेही सांगितले जाते. धर्म बदलायला निघालेली माणसे म्हणून ज्यांच्याकडे एके काळी संशयाने पाहिले गेले, त्यांच्या लेकी-नातींनी दुसऱ्याचा नियम इतक्या काटेकोरपणे पाळावा, याची नोंद आपल्या समाजाने घ्यायला हवी.

नाताळच्या सुमारास रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा एक घरगुती मेळावा होतो. चहा, फराळ आणि सरत्या वर्षाच्या वार्ता. कोणाचे लग्न झाले, कोणाच्या मुलाला नोकरी लागली, कोण निवृत्त झाले, कोण देवाघरी गेले. बाहेरच्या माणसाला हे वर्तमान किरकोळ वाटेल, वास्तविक रुग्णालयाची खरी प्रकृती त्यातूनच कळते. एके काळी या वार्तांत 'नव्याने रुजू झाल्या' या मथळ्याखाली नावे अधिक असत. अलीकडे 'आखातात गेल्या', 'इंग्लंडला गेल्या', 'आयर्लंडला गेल्या' अशी नावे वाढली आहेत. त्यात त्या मुलींचा दोष नाही. घरावर कर्ज काढून शिकलेल्या मुलीला इथे कंत्राटी नेमणूक आणि तुटपुंजा पगार मिळत असेल तर तिने जाऊ नये असे कोणत्या तोंडाने सांगावे? परदेशी मिशनांचा निधी आटल्यावर देशातील अनेक मिशन रुग्णालयांची आर्थिक ओढाताण झाली आणि तिचा पहिला फटका बसला तो वॉर्डातल्या माणसांना. यंत्र हप्त्यावर आणता येते. तीस वर्षे एकाच वॉर्डात काम करून रोग्याच्या नुसत्या चेहऱ्यावरून "डॉक्टर, याचं काहीतरी बिघडतंय" असे सांगणारी सिस्टर हप्त्यावर मिळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे वर्ष फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माच्या द्विशताब्दीनिमित्त परिचारिका आणि सुईणींचे वर्ष म्हणून घोषित केले होते. दैवाची थट्टा अशी, की त्याच वर्षी करोनाची साथ आली. त्या डिसेंबरात वॉर्डांतून गाणी झाली नाहीत. नखशिखान्त प्लास्टिकच्या पोशाखातल्या सिस्टरांना एकमेकींचे चेहरे दिसत नव्हते. पाठीवर पेनने लिहिलेल्या नावावरून ओळख पटवावी लागे. नातलगांना आत यायला मनाई असल्याने रोग्याच्या कानाशी मोबाइल धरून घरच्यांशी बोलणे करून देणे हे त्यांचे एक नवेच काम होऊन बसले. कित्येक कुटुंबांनी आपल्या माणसाचा शेवटचा आवाज त्या परक्या हाताने धरलेल्या फोनवर ऐकला आहे. पुढे १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले तेव्हा आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रथम लस दिली गेली. टाळ्या आणि थाळ्या त्याच्या आधीच वाजवून झाल्या होत्या.

शास्त्रकारांनी चार दानांत औषधदान सांगितले आहे आणि अभ्यंतर तपात वैयावृत्त्य. वैयावृत्त्याचा उपदेश मुख्यतः साधुसाध्वींच्या सेवेसंबंधी आहे हे खरे, तरीही आजारी देहाची स्वहस्ते शुश्रूषा करण्याला तपाचे स्थान देणारी परंपरा ज्या समाजाला लाभली आहे, त्याने शुश्रूषा करणाऱ्यांकडे पाहू नये हे शोभत नाही. औषधदानात हा समाज मागे नाही. खाटा, डायलिसिसची यंत्रे, रुग्णवाहिका, व्हीलचेअर यांवर श्रावकांची नावे जागोजागी दिसतात. फळवाटपही होते, क्वचित ते उपाशी ठेवलेल्या रोग्याला सफरचंद देऊन त्याच्यासह छायाचित्र काढण्यापर्यंत जाते, आणि दाते निघून गेल्यावर सिस्टरला ते सफरचंद परत काढून घ्यावे लागते. परंतु रात्रपाळीच्या सिस्टरला पाठ टेकायला खोली आहे काय, तिला रात्री दोनला गरम चहा मिळतो काय, पहाटे उतरणारी मावशी घरी कशी जाते, पाळीवर असताना तिचे तान्हे मूल कोणापाशी असते, हे विचारणारे दाते विरळा. या गोष्टींवर कोनशिला बसवता येत नाही, हे त्याचे एक कारण असावे. पाळणाघरातील एका आयाचा वर्षाचा पगार, वसतिगृहातील गरम पाण्याची सोय, निवृत्त मामाच्या आजारपणाचा खर्च, एखाद्या गरीब मुलीची नर्सिंगची फी यांना लागणारी रक्कम एका नव्या यंत्राच्या मानाने थोडी असते. सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्तांनी याचा विचार करावा, अशी विनंती या व्यासपीठावरून करणे अनुचित होणार नाही.

पंचवीस तारखेच्या सकाळी रात्रपाळीची सिस्टर हॅंडओव्हर देते, नोंदवहीवर सही करते आणि पुष्कळदा त्याच गणवेशात चर्चच्या प्रार्थनेला जाऊन मागच्या बाकावर बसते. प्रवचनात तिला डुलकी लागली तर पाद्रीसाहेब रागावत नाहीत. जानेवारी लागला की फळ्यावर नवी लिस्ट येते. त्यात संक्रांत येते, पुढे पाडवा येतो आणि चैत्रात महावीर जयंती. सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकरी जैन घरांतील मुलीही आता या व्यवसायात येत आहेत. त्यांतील एखादी पालखीला जाण्यासाठी त्या दिवशी सुट्टी मागते तेव्हा मेट्रन लिस्ट पुढे ओढून पाहते, तर त्या नावासमोर सुट्टीची खूण आधीच केलेली असते आणि पाळीच्या रकान्यात डिसेंबरात घरी गेलेल्या एखाद्या मेरी किंवा रूथ सिस्टरने स्वतःच्या हाताने आपले नाव लिहिलेले असते.